बापाने मृत्युपत्र केलं नाही आणि अख्ख्या कॉलनीचा कायदा रद्द झाला: जुन्या अमेरिकेतल्या वाटणीच्या केसेस

नोव्हेंबर १७१७ मध्ये बॉस्टनला वेट स्टिल विन्थ्रॉप वारले. साधे गृहस्थ नव्हेत, मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ कोर्टाचे मुख्य न्यायाधीश, आजोबा मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर, वडील कनेटिकटचे गव्हर्नर, आणि घराण्याच्या नावावर कनेटिकटमधल्या न्यू लंडन भागात भरपूर जमीन. न्यायाधीश म्हणून लोकांचे इतके खटले ऐकले पण स्वतःचं मृत्युपत्र काही केलं नाही. मागे दोनच मुलं, मुलगा जॉन आणि मुलगी अ‍ॅन. अ‍ॅनचं लग्न थॉमस लेचमिअर नावाच्या बॉस्टनच्या व्यापाऱ्याशी झालेलं.

दोनच वारस, म्हणजे वाटणी सोपी असायला हवी होती, पण हा वाद दहा वर्षं चालला, समुद्र ओलांडून लंडनला गेला आणि त्यात एका अख्ख्या कॉलनीचा, म्हणजे इंग्रजांच्या वसाहतीचा, वारसा कायदा रद्द झाला. अमेरिकेचा इतिहास वाचताना आपण बॉस्टनचा चहा आणि वॉशिंग्टनचं सैन्य एवढंच वाचतो, पण त्याआधीची दीडशे वर्षं तिथल्या लोकांचा कोर्टाशी जो संबंध यायचा तो बराचसा कर्ज आणि जमीन यांच्यामुळे, आणि जमिनीची भांडणं बहुतेक वेळा घरातलीच. मला या केसेस महत्त्वाच्या वाटतात कारण वरून "मला किती, तुला किती" असं दिसत असलं तरी खरा प्रश्न दरवेळी वेगळाच होता, की मुळात हिशोब कुठल्या कायद्यानं करायचा, इंग्लंडच्या की आमच्या इथल्या.

तर आधी इंग्लंडचा नियम बघू. तिथे माणूस मृत्युपत्र न करता गेला तर मालमत्तेचे दोन भाग पडायचे. पैसा, भांडी, गुरं, सामान वगैरे जंगम मालमत्ता, तिची वाटणी १६७० च्या कायद्यानं व्हायची, बायकोला एक तृतीयांश आणि बाकी मुलांना सारखं, मुलींनासुद्धा. पण जमीन आणि घर म्हणजे स्थावर, ते सगळंच्या सगळं थोरल्या मुलाला. धाकट्या भावांना काही नाही, बहिणींना काही नाही. मुलगा नसेल आणि फक्त मुली असतील तर मात्र मुलींमध्ये सारखी वाटणी. आणि त्या काळात खरी संपत्ती म्हणजे जमीनच, त्यामुळे "जंगम सगळ्यांना सारखं" याला फारसा अर्थ उरायचा नाही.

न्यू इंग्लंडमध्ये म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट या उत्तरेकडच्या कॉलन्यांमध्ये लोकांनी हा नियम घेतलाच नाही. तिथे पद्धत अशी पडली की बायकोचा हिस्सा काढून उरलेली जमीन सगळ्या मुलांमध्ये वाटायची, मुलगे मुली सगळे धरून, फक्त थोरल्या मुलाला दुप्पट. म्हणजे चार मुलं असतील तर पाच वाटे करायचे, दोन थोरल्याचे आणि एकेक बाकीच्यांचा. हा दुप्पट वाटा कुठून आला तर बायबलमधून, जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकात थोरल्याला दुप्पट द्यावं असं आहे, आणि हे प्युरिटन म्हणजे कडक बायबलनिष्ठ ख्रिस्ती लोक, त्यांना इंग्लंडच्या रिवाजापेक्षा बायबल जवळचं. पण नुसतं धर्माचं कारण नाही, पोटाचं पण आहे. तिथे जमीन म्हणजे जंगल, झाडं तोडून दगड काढून शेत करायचं, आणि मजूर मिळत नाहीत, मग राबायचं कोणी तर घरच्या मुलांनी. वीस वर्षं बापाच्या शेतावर राबलेल्या धाकट्याला तुम्ही सांगितलंत की सगळं दादाचं, तर तो दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधून निघून जाणार, पुढे मोकळी जमीन पडलेलीच आहे. धाकट्यांना वाटा दिला नाही तर वस्ती टिकणार नाही, हे कनेटिकटचे लोक लंडनला कळकळीनं सांगत होते.

प्रत्यक्षात वाटणी कशी व्हायची ते पण बघण्यासारखं आहे. माणूस वारला की प्रोबेट कोर्ट, म्हणजे मृत्युपत्र आणि वारसा बघणारं कोर्ट, एक कारभारी नेमायचं, बहुतेक वेळा विधवा किंवा थोरला मुलगा. मग शेजारपाजारचे दोन-तीन लोक घरात येऊन यादी करायचे, आणि यादी म्हणजे अगदी सगळं, गादी, चमचे, तुटकी किटली, जुना कोट, प्रत्येकाची किंमत लावून. त्यातून आधी कर्ज फेडायचं. मग कोर्ट गावातले तीन किंवा पाच भरवशाचे जमीनमालक नेमायचं आणि ते शेतावर फिरून, खुणेची झाडं आणि दगड ठरवून हिस्से पाडायचे. मोजणीच्या वेळी बांधावर उभं राहून भांडणारे भाऊ ज्यांनी पाहिलेत त्यांना मी वेगळं काय सांगणार.

विधवेचा हिस्सा म्हणजे जमिनीचा एक तृतीयांश, पण तो फक्त हयातीपुरता. ती त्याचं उत्पन्न खाऊ शकते, विकू शकत नाही, ती गेली की ते परत नवऱ्याच्या वारसांकडे. आणि घर एकच असेल तर घराचे पण भाग व्हायचे. पूर्वेकडची खोली आईची, तळघराचा अमुक भाग आईचा, विहिरीवर आणि भाकरी भाजायच्या भट्टीकडे जायला वाट राहील, असं सगळं कागदावर लिहिलेलं असायचं. बरेच नवरे मृत्युपत्रातच लिहून ठेवायचे की मुलानं आईला दर वर्षी इतकं सरपण तोडून द्यावं, एक गाय पोसावी, चर्चला जायला घोडा द्यावा. हे प्रेमानं लिहिलंय असं वाटतं खरं, पण मला त्यात भीतीच जास्त दिसते, कारण मुलगा सरपण देईल याची खात्री असती तर ते कागदावर कशाला लिहिलं असतं? आणि लिहिल्यामुळे एक फायदा नक्की होता, मुलानं दिलं नाही तर आईला कोर्टात जाता यायचं.

अजून एक नियम होता ज्यानं पुष्कळ घरं पोखरली. शेत लहान असेल आणि तुकडे केले तर कोणाच्याच पोटाला पुरणार नसेल, तर कोर्ट सगळं शेत एकालाच द्यायचं, सहसा थोरल्याला, आणि त्यानं बाकीच्या भावंडांना त्यांच्या हिश्शाची रक्कम द्यायची. ऐकायला छान आहे. पण थोरल्याकडे रोख पैसा कुठे असणार, मग तो हप्त्यानं देणार, पीक बुडालं की हप्ता बुडणार, आणि बहिणीचा नवरा दावा लावणार. भावंडं वर्षानुवर्षं एकमेकांचे सावकार आणि ऋणको होऊन बसायची.

आता परत विन्थ्रॉपांकडे येऊ. कनेटिकटचा १६९९ चा कायदा होता वर सांगितला तसाच, त्या हिशोबानं जॉनला दोन वाटे आणि अ‍ॅनला एक वाटा, म्हणजे बहिणीला एक तृतीयांश जमीन मिळायला हवी. जॉन कारभारी म्हणून नेमला गेला होता, पण त्यानं वर्षानुवर्षं यादीच दाखल केली नाही. त्याचं म्हणणं साधं होतं, मी एकुलता एक मुलगा, इंग्लंडच्या कायद्यानं जमीन आपोआप माझी झाली, मग यादी कसली आणि वाटणी कसली. थॉमस लेचमिअरनं थोडी वर्षं वाट पाहिली आणि मग १७२४ च्या सुमारास कनेटिकटच्या कोर्टात दावा लावला. तिथली कोर्टं अर्थातच तिथल्या कायद्यानं गेली, कारभार जॉनच्या हातून काढून लेचमिअर पती-पत्नीला दिला. जॉन कनेटिकटच्या असेंब्लीत जाऊन भांडला, तुम्हाला इंग्लंडच्या विरुद्ध कायदा करायचा अधिकारच नाही असं त्यांना तोंडावर सांगितलं, आणि असेंब्लीनं तो अवमान धरला. मग १७२६ मध्ये हा माणूस सरळ जहाजात बसला आणि इंग्लंडला गेला, प्रिव्ही कौन्सिलकडे अपील करायला.

प्रिव्ही कौन्सिल आपल्याला काही परकी नाही. ब्रिटिश राज्यात आपल्याकडच्या जमीनजुमल्याच्या, दत्तकाच्या केसेसचं शेवटचं अपील तिथेच जायचं, अगदी १९४९ पर्यंत. लोकमान्य टिळकांचं ताईमहाराज प्रकरण, म्हणजे बाबामहाराजांच्या मागे दत्तक आणि इस्टेट यांचा वाद, त्याचा शेवटचा निकाल १९१५ मध्ये तिथेच लागला. त्याच संस्थेसमोर त्याच्या जवळपास १९० वर्षं आधी हे कनेटिकटचे भाऊ-बहीण उभे होते. म्हणजे बहीण नव्हे, तिच्या बाजूनं तिचा नवरा, त्याबद्दल पुढे बोलू.

निकाल आला फेब्रुवारी १७२८ मध्ये. प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं की कनेटिकटचा हा कायदा इंग्लंडच्या कायद्याशी विसंगत आहे, राजानं कनेटिकटला दिलेल्या सनदेत अशा कायद्याला आधार नाही, म्हणून तो मुळापासून रद्द. जमीन सगळी जॉनची. लेचमिअरला दिलेला कारभारही रद्द.

बहिणीचा हिस्सा गेला हे तर आहेच, पण कनेटिकटमध्ये घबराट पसरली ती वेगळ्याच कारणानं. विचार करा, तीस वर्षं त्या कायद्यानं वाटण्या झालेल्या आहेत, आणि कायदा व्हायच्या आधीपासून लोक तशाच वाटण्या करत होते. धाकट्या भावांनी आपले तुकडे विकलेत, बहिणींनी विकलेत, घेणाऱ्यांनी घरं बांधलीत, पुढच्या पिढीनं परत वाटण्या केल्यात. आता कायदाच मुळात नव्हता म्हटल्यावर कोणाही थोरल्या भावाचा नातू उठून म्हणू शकतो की ती जमीन माझी. दोन श्रीमंत भावंडांच्या भांडणात हजारो साध्या शेतकऱ्यांच्या जमिनीची मालकी टांगणीला लागली. आणि कॉलनी जोरात ओरडू पण शकत नव्हती, कारण पार्लमेंटकडे जाऊन "आमचा कायदा मान्य करा" म्हणावं तर पार्लमेंट त्यांची सनदच उघडून बघणार, आणि सनदेत त्यांना जी स्वतःचा गव्हर्नर स्वतः निवडण्याची वगैरे मोकळीक होती ती जाण्याची भीती. म्हणून त्यांचे वकील लंडनमध्ये दबक्या पावलांनी फिरत राहिले.

यात जॉन विन्थ्रॉपचं काय झालं? जिंकला, पण परत अमेरिकेत आलाच नाही. विज्ञानाची आवड होती, लंडनच्या रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, आणि १७४७ मध्ये तिकडेच वारला.

पुढची केस मॅसॅच्युसेट्सची आणि तिची सुरुवात खुनाने होते. जुलै १७२८, म्हणजे विन्थ्रॉप निकालाला जेमतेम पाच महिने झालेत, बॉस्टन कॉमन या मैदानावर रात्री दोन तरुण तलवारी घेऊन भिडले, हेन्री फिलिप्स आणि बेंजामिन वुडब्रिज. वुडब्रिज मेला. हेन्रीला त्याच रात्री त्याचा मोठा भाऊ गिलम आणि गिलमचा मेहुणा पीटर फॅन्युएल यांनी एका इंग्रज युद्धनौकेवर चढवून पळवलं. हेन्री फ्रान्सला गेला आणि वर्षभरातच तिथे वारला, लग्न नाही, मूल नाही, मृत्युपत्र नाही. बॉस्टनमध्ये त्याची मालमत्ता होती. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानं ती आई आणि सगळ्या भावंडांमध्ये सारखी वाटायची. पण गिलमनं विन्थ्रॉपचा निकाल वाचलेला होता. तो म्हणाला इंग्लंडच्या कायद्यानं मी थोरला भाऊ, स्थावर सगळं माझं, आईला आणि बहिणींना त्यातलं काही नाही. ज्या भावाला जीव धोक्यात घालून पळवलं त्याच्याच मालमत्तेसाठी आईच्या विरुद्ध लंडनपर्यंत गेला, माणसाच्या मनात दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा राहतात कोण जाणे.

ही केस फिलिप्स विरुद्ध सॅव्हेज, कारण समोर त्याच्या बहिणीच्या सासरचे सॅव्हेज लोक होते. सगळ्यांना वाटलं आता मॅसॅच्युसेट्सचा कायदा पण गेला. पण १७३८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं उलटा निकाल दिला, गिलम हरला, आई-बहिणींची वाटणी कायम राहिली. तोच वाद, तशाच प्रकारचा कायदा, दहा वर्षांत दोन उलटे निकाल. का?

इथे खरी गोम आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. मॅसॅच्युसेट्सला १६९१ मध्ये नवी सनद मिळाली होती आणि तिच्यात अट होती की केलेला प्रत्येक कायदा मंजुरीसाठी राजाकडे पाठवायचा. तिथल्या लोकांना ही अट जाचक वाटायची. पण त्यामुळे झालं काय की वाटणीचा १६९२ चा कायदा राजाकडे गेला होता आणि मंजूर होऊन आला होता, मग स्वतःच मंजूर केलेला कायदा प्रिव्ही कौन्सिल कसा रद्द करणार. कनेटिकटची सनद १६६२ ची, तिच्यात कायदे पाठवायची अट नव्हती, म्हणून त्यांनी पाठवले नाहीत, म्हणून त्यांच्या कायद्यावर राजाचा शिक्का नव्हता. ज्याला जास्त मोकळीक होती त्याच्याकडे कागद नव्हता.

मग कनेटिकटला पण धीर आला. तिथली क्लार्क विरुद्ध टाउसी ही केस, असाच वारशाचा वाद, लंडनला गेली तेव्हा कॉलनीनं पूर्ण ताकद लावली, आणि १७४५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं क्लार्कचं अपील फेटाळलं. विन्थ्रॉप निकाल कागदावर कोणी पुसला नाही, पण त्याचा जोर गेला, आणि कनेटिकटचे लोक आपल्या पद्धतीनं वाटण्या करत राहिले.

आता मघाशी राहिलेला मुद्दा. विन्थ्रॉपच्या केसमध्ये हक्क अ‍ॅनचा होता, बाप अ‍ॅनचा होता, पण कायद्याच्या पुस्तकांत केस आहे विन्थ्रॉप विरुद्ध लेचमिअर, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या आडनावानं. कारण त्या वेळच्या इंग्रजी कायद्यानं लग्न झालेली बाई कोर्टात स्वतःहून उभी राहू शकत नव्हती, तिच्या नावानं करार नाही, तिच्या जमिनीचं उत्पन्न नवऱ्याचं, कारभार नवऱ्याचा. जमीन विकायला तिची सही लागायची एवढंच संरक्षण. म्हणजे न्यू इंग्लंडनं मुलीला हिस्सा दिला हे खरं, आणि ते इंग्लंडपेक्षा नक्कीच पुढचं पाऊल होतं, पण हातात तो जावयाच्या पडायचा. भाऊ-बहीण भांडतायत असं आपल्याला दिसतं तिथे कित्येकदा भाऊ आणि मेहुणा भांडत असायचे आणि बाई मधे.

हा नियम एकदा उलटा फिरून कसा कामी आला त्याची १८०५ ची एक केस आहे, मार्टिन विरुद्ध कॉमनवेल्थ (म्हणजे राज्य सरकार), मॅसॅच्युसेट्सची. अ‍ॅना मार्टिनला माहेरकडून जमीन मिळाली होती. नवरा ब्रिटिश सैन्यात अधिकारी, १७७६ मध्ये ब्रिटिशांनी बॉस्टन सोडलं तेव्हा ती नवऱ्याबरोबर निघून गेली. राज्यानं देश सोडून शत्रूला मिळालेल्या लोकांची मालमत्ता जप्त केली, त्यात तिची पण गेली. बऱ्याच वर्षांनी मुलगा जेम्स कोर्टात आला, आईची जमीन परत द्या. त्याच्या वकिलाचा युक्तिवाद असा की बायकोनं नवऱ्याबरोबर जायचं हे तिचं कर्तव्यच, तिला स्वतःची वेगळी इच्छाच कायद्यानं नाही, मग ती देशाशी गद्दारी करूच कशी शकते? सरकारी बाजू म्हणाली, तीसुद्धा या राज्याची रहिवासी, तिला स्वतःचा निर्णय होता. कोर्टानं जेम्सचं ऐकलं. मुलाला जमीन मिळाली आणि बाईला नवऱ्यापासून वेगळं मन नसतं हे क्रांतीनंतरच्या स्वतंत्र अमेरिकेच्या कोर्टानं मान्य केलं. मला ही केस वाचून फार वाईट वाटतं, कारण सरकारी वकिलाचं म्हणणं न्यायाचं होतं आणि तो जप्तीसाठी ते म्हणत होता.

हे झालं उत्तरेचं. दक्षिणेत व्हर्जिनियात चित्र वेगळं. तिथे तंबाखूच्या मोठ्या इस्टेटी, आणि तिथल्या लोकांना इंग्लंडसारखं थोरल्याला सगळं हेच पसंत होतं. वर एंटेल नावाचा प्रकार होता, म्हणजे बापानं जमीन अशी बांधून ठेवायची की मुलगा ती खाऊ शकतो पण विकू शकत नाही, त्याच्यानंतर ती त्याच्या मुलाकडेच गेली पाहिजे, पुढे त्याच्या मुलाकडे. मुलगा कर्जात बुडाला तरी जमीन सुटत नाही. ही बांधणी सोडवायची तर मोठ्या इस्टेटीसाठी असेंब्लीत खास कायदा करून घ्यावा लागायचा.

आणि दक्षिणेत मालमत्ता म्हटलं की तिच्यात गुलाम माणसं आली. १७०५ मध्ये व्हर्जिनियानं कायदा केला की वारशाच्या बाबतीत गुलाम हे स्थावर धरायचे, जमिनीसारखे. १७२७ पासून तर त्यांना एंटेलमध्ये जमिनीला जोडून बांधता यायला लागलं. म्हणजे वर मी यादीचं सांगितलं ना, गादी, चमचे, किटली, त्याच यादीत इथे बाई, तिचं तान्हं मूल, म्हातारा सुतार, नावापुढे किंमत.

या सगळ्याचं एक टोक बघायचं तर कस्टिस घराणं. डॅनियल पार्क नावाचा व्हर्जिनियाचा माणूस वेस्ट इंडीजमधल्या बेटांचा गव्हर्नर झाला आणि १७१० मध्ये अँटिग्वात चिडलेल्या लोकांनी त्याला ठार मारलं. मृत्युपत्र उघडलं तर बेटावरची सगळी इस्टेट तिथल्या एका अनौरस मुलीला, आणि व्हर्जिनियातली जमीन लग्नाच्या मुलीला, फ्रान्सेसला, पण सोबत कर्ज आणि देणी पण तिच्याच वाट्याला. फ्रान्सेसचा नवरा जॉन कस्टिस. बेटावरच्या मुलीच्या नवऱ्यानं, डनबारनं, कस्टिसवर दावा लावला की अँटिग्वातली कर्जं पण तुम्हीच फेडा. ही डनबार विरुद्ध कस्टिस केस पिढ्यान्‌पिढ्या चालली. व्हर्जिनियाच्या कोर्टात कस्टिस जिंकले, १७५७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं ते फिरवून पुन्हा ऐका म्हटलं, आणि त्याच वर्षी केस लढवणारा फ्रान्सेसचा मुलगा डॅनियल कस्टिस अचानक वारला, मृत्युपत्र न करता. सुमारे १७,५०० एकर जमीन, शेकडो गुलाम, आणि लंडनहून परत आलेली केस, हे सगळं त्याच्या तरुण विधवेच्या अंगावर आलं. तिचं नाव मार्था. दीड वर्षात तिनं दुसरं लग्न केलं, जॉर्ज वॉशिंग्टनशी.

क्रांती आली तेव्हा व्हर्जिनियाचा पुढारी थॉमस जेफरसन यानं पहिल्या फटक्यात जे केलं त्यात हे होतं. ऑक्टोबर १७७६ मध्ये त्यानं व्हर्जिनियात एंटेल रद्द करायचं बिल आणलं आणि ते पास झालं. थोरल्याला सगळं हा नियम जायला मात्र १७८५ उजाडलं, अंमल १७८७ पासून. जेफरसननं आठवणींत लिहिलंय की एडमंड पेंडलटन म्हणत होते निदान थोरल्याला दुप्पट तरी ठेवा, त्यावर यानं उत्तर दिलं की थोरला दुप्पट जेवत असेल किंवा दुप्पट काम करत असेल तर ठेवू, नाहीतर सगळे सारखे. आणि जेफरसन स्वतः थोरला होता हे लक्षात घ्या. जॉर्जियानं तर १७७७ च्या राज्यघटनेतच हा विषय संपवला होता. १७८७ च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्समध्ये, म्हणजे ओहायो वगैरे नव्या प्रदेशाच्या कायद्यात, अगदी सुरुवातीलाच लिहिलंय की मृत्युपत्र नसेल तर सगळ्या मुलांना सारखं आणि विधवेला एक तृतीयांश. मॅसॅच्युसेट्सनं थोरल्याचा दुप्पट वाटा १७८९ मध्ये काढला. शंभर वर्षं ज्यासाठी समुद्र ओलांडून भांडणं झाली ते दहा-पंधरा वर्षांत बहुतेक ठिकाणी संपलं.

पण सारखी वाटणी सगळ्यांना सारखी लागली नाही. इस्टेट एकाच थोरल्याकडे जायची तेव्हा तिथली गुलाम कुटुंबं निदान एका जागी राहण्याची शक्यता असायची. चार वारसांना सारखे चार हिस्से म्हटलं की माणसांचे पण चार हिस्से, किंमत सारखी यायला हवी म्हणून आई एका यादीत आणि मुलगा दुसऱ्या. वारसांसाठी जो न्याय होता तो यांच्यासाठी ताटातूट होता, आणि सारख्या वाटणीचं कौतुक करताना हे सांगायचं राहून जातं.

मार्थाच्या बाबतीत ते अगदी स्पष्ट दिसतं. पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतला एक तृतीयांश तिचा, हयातीपुरता, गुलामांसकट. १७९९ मध्ये वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन इस्टेटीवर ३१७ गुलाम होते, त्यातले १२३ वॉशिंग्टनचे स्वतःचे, १५३ मार्थाच्या विधवा-हिश्शातले, बाकी भाड्यानं आणलेले वगैरे. वॉशिंग्टननं मृत्युपत्रात आपल्या लोकांना मुक्त करायचं लिहिलं, पण हिश्शातल्या लोकांना मुक्त करायचा अधिकार त्याला नव्हता आणि मार्थालाही नव्हता, ते कस्टिस वारसांचे. तोवर चाळीस वर्षांत दोन्हीकडच्या लोकांची आपसांत लग्नं झालेली, त्यामुळे १८०१ मध्ये नवरा मोकळा आणि बायको-मुलं गुलाम अशी घरं झाली. १८०२ मध्ये मार्था गेली आणि ते लोक तिच्या चार नातवंडांमध्ये वाटले गेले, वेगवेगळ्या इस्टेटींवर.

त्यातला एक नातू म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस, व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन इस्टेटीचा मालक. तो १८५७ मध्ये वारला तेव्हा मृत्युपत्रात त्यानं लिहिलं होतं की माझ्या गुलामांना पाच वर्षांच्या आत मुक्त करा, आणि इस्टेटीतून नातींना ठरलेल्या रकमा द्या. ते अमलात आणायची जबाबदारी जावयावर, रॉबर्ट ई. ली त्याचं नाव, पुढे यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती झाला तोच. इस्टेट कर्जात होती, नातींच्या रकमा निघेनात, म्हणून लीनं कोर्टाकडे अजून मुदत मागितली, की आधी या लोकांच्या कामातून रकमा उभ्या करू आणि मग सोडू. कोर्टानं मुदत दिली नाही. २९ डिसेंबर १८६२ रोजी, मुदत उलटून गेल्यावर आणि लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा लागू व्हायच्या तीनच दिवस आधी, यादवी युद्ध चालू असताना लीनं मुक्तीच्या कागदावर सही केली.